चौथ्या जॉइंटचं लॉक

आमच्या लातूरच्या घरात फोडणी फक्त दोन बॅचच्या मधल्या दहा मिनिटांत घालता यायची. पहाटे पावणेपाचपासून फाटकाशी सायकलींचे स्टँड खटखटायला लागायचे, पाचला बाहेरच्या खोलीत अण्णांचा आवाज सुरू व्हायचा, आणि आतून मिरचीचा ठसका आला की चाळीस पोरं एकदम खोकायची. अण्णा शिकवायचे थांबायचे. रागवायचे नाहीत, खडू हातात धरून आतल्या दाराकडं नुसते बघत राहायचे. तेवढ्यानं आई ओशाळायची. मग तिनं आपल्यापुरतं ठरवूनच टाकलं. पाच ते साडेसहा पीठ मळायचं, भाजी निवडायची, नळाखाली बादली ठेवली तर आधी तळाला फडकं टाकायचं म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही. साडेसहाला एक बॅच उठून दुसरी बसेपर्यंत तेल तापवून मोहरी-लसूण घालून मोकळं व्हायचं. आज माझ्या स्वयंपाकघरात कुणाची बंदी नाही, तरी मोहरी तडतडली की माझी नजर एकदा दाराकडं जाते.

अण्णा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरी क्लास घ्यायचे. बोर्डात आलेल्या लातूरच्या पोरांचे फोटो पेपरात यायला लागले होते आणि कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन आमच्या गावात उतरायला लागले होते. गल्लीत भाड्यानं दिली नाही अशी खोली उरली नव्हती. जिन्याखाली पोरं राहायची. ज्या घरात बाई एकटी असे तिथं मेस सुरू झालेली असे. आमच्याही घराच्या खोल्या एकेक करून बाकांनी खाल्ल्या. आधी बाहेरची गेली, मग पडवी गेली. मी त्या वर्षी बारावीला होते. माझ्या खाटेवर, भिंतीला, अण्णांच्या अक्षरातलं वेळापत्रक चिकटवलेलं होतं आणि त्यात जेवणालासुद्धा वेळ नेमून दिलेली होती. अण्णा दुष्ट नव्हते, हे मला इथंच लिहून ठेवायला हवं. पावसात भिजून आलेल्या पोराला ते स्वतःचा टॉवेल द्यायचे. फक्त पोरगं शिकतंय की नाही, यापलीकडं त्यांना माणसात काही दिसत नसे.

दादाच्या बाबतीत त्यांना जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अविनाश. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करत होता, मेकॅनिकल. तिसऱ्या वर्षाला नापास झाला आणि उन्हाळ्यात घरी आला तो एका ट्रकमध्ये बसून. ट्रकच्या हौद्यात दोरखंडांनी बांधलेली एक गाडी होती. दोनच सीटची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. रंग कधीकाळी हिरवा असावा. नांदेडला तो ज्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायचा, ते म्हातारे डॉक्टर वारले होते. त्यांनी तरुणपणी हैदराबादहून ती परदेशी स्पोर्ट्स कार हौसेनं आणली होती. दादा ती गाडी पुसायचा, डॉक्टरांच्या बाईंना पाण्याचा पंप दुरुस्त करून द्यायचा. बाई मुलीकडं राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी गाडीचे कागद ह्याच्या हातावर ठेवले.

अण्णा पायरीवर उभे होते. "हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय. निकाल काय?"

दादानं मान खाली घातली. अण्णा आत गेले. त्यानंतर सप्टेंबरातल्या भूकंपापर्यंत ते दोघं एकमेकांशी जे काही बोलले ते आईमार्फत. "त्याला म्हणावं जेवून घे." "त्यांना सांग, मी बाहेर जायलो."

गाडी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी उभी राहिली. इंजिन दादानं महिनाभरात सुरू केलं. पण गाडी जागची हलली की मागून लोखंडावर घण घातल्यासारखा आवाज यायचा, आणि वळवली की कटकट कटकट सुरू. दादानं मला समजावून सांगितलं होतं, तसं सांगते. साध्या गाडीचा मागचा ॲक्सल म्हणजे एक आडवी ठोकळेबाज नळी. हिच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे दांडे होते, चाक वरखाली झालं की दांडाही हलायचा. तो हलावा म्हणून प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट. असे चार. जॉइंटच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस असतो. त्याच्या चारी हातांवर बोटाच्या पेराएवढे चार कप, कपात गोल मांडलेल्या, काडीसारख्या बारीक लोखंडी सुया, आणि कप बाहेर निसटू नये म्हणून वरून एक तारेचं कडं. त्या कड्याला गॅरेजवाले लॉक म्हणतात. चारी जॉइंट झिजून खुळखुळे झाले होते. चारी क्रॉस बदलायचे होते.

औसा रोडला रशीदभाईंचं गॅरेज होतं. पांढरी दाढी, कानाला कमी ऐकू यायचं, पण इंजिनाला हात लावून त्याचं दुखणं सांगायचे. दादानं जीपचे क्रॉस बसतील का विचारलं तर त्यांनी जुना क्रॉस अंगठ्यानं मोजल्यासारखा केला आणि परत दिला. "नक्को बेटा. अर्ध्या सुताचा फरक हाय. आज बसेल, उद्या जान घेईल." त्यांचा साडू हैदराबादला होता, त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून बरोबर मापाचे चार क्रॉस शोधून बसनं पाठवले. पिवळ्या मेणकागदात गुंडाळलेले. देताना रशीदभाईंनी दादाला एकच गोष्ट दोनदा सांगितली. "लॉक खाचेत बसला की टच् बोलतो. नाही बोलला तर समज, आत सुई आडवी पडली. फिर खोल. आळस नक्को."

ते गणपतीचे दिवस होते. कमलमावशी आमच्याकडं आली होती. ती आईची धाकटी बहीण, औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला तिचं गाव. मूलबाळ नव्हतं. मावशी आणि काका दोघंच, चार एकर रान आणि एक म्हैस. दरवर्षी गौरीला ती यायची ती पिशवीभर अंबाडी, शेंगांची चटणी आणि ताकाची बरणी घेऊन, आणि विसर्जन होईपर्यंत राहायची. मधल्या खोलीत ती आणि मी एका सतरंजीवर झोपायचो. ती आली की आईचा आवाज मोठा व्हायचा. दोघी बहिणी परसात बसून धपाटे थापायच्या आणि हसायच्या, आणि अण्णासुद्धा त्या चार दिवसांत दाराकडं बघत नसत. दादानं तेव्हा गाडीची मागची चाकं काढून ती विटांवर चढवली होती. मावशीनं पदर खोचला आणि त्या बिनचाकाच्या गाडीत जाऊन बसली. "अव्या, कुठं न्यायलास मला?" दादा म्हणाला, "तुला कुठं जायचंय?" ती म्हणाली, "लई लांब. तुज्या काकाला सापडू नये असं."

विसर्जनाला दोन दिवस असताना अण्णांनी चाचणीची जादा बॅच लावली. बाहेर जागा नव्हती म्हणून मधल्या खोलीत. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात गेली, बाक आत आले. दुपारी मावशीनं पिशवी भरली आणि आईला म्हणाली, "शांते, म्हैस व्यायला झालीय. जाते मी." आई तिला स्टँडवर सोडायला गेली आणि परत आल्यावर मावशीची ताकाची बरणी घासत बसली.

अंगणातलं काम मी चोरून करत होते. अण्णांनी मला एकदा ग्रीसच्या हातांनी पकडलं होतं आणि शांतपणे सांगितलं होतं, "पुन्हा तिथं दिसलीस तर ती गाडी भंगारवाला घेऊन जाईल." पण दादाची बोटं जाड होती आणि त्या सुया माझ्याच हाताला लागायच्या. अण्णा कॉलेजात गेले की मी पुस्तक उपडं ठेवून मागं जायची. दादा दांडा धुण्याच्या दगडावर आडवा धरायचा, गंजलेलं लॉक पकडीनं काढायचा, पान्याचं बूड टेकवून हातोडीनं ठोकत जुना कप बाहेर काढायचा. प्रत्येक ठोक्याला आई खिडकीतून म्हणायची, "हळू रे बाबा." मग खाच पेट्रोलनं धुवायची. मग माझी पाळी. नव्या कपात ग्रीस चोपडायचं, एकेक सुई चिमटीत धरून कडेकडेनं उभी करायची, सगळ्या बसल्या की मध्ये क्रॉसचा हात शिरेल एवढंच भोक उरायचं. मग दादा शिकंज्यात धरून कप दाबत आत न्यायचा आणि मी लॉक बसवायची. टच्. तो आवाज मला फार आवडायचा. प्रश्नाचं उत्तर बरोबर आल्यासारखा. पहिला जॉइंट करायला एक अख्खा दिवस गेला. पुढचे दोन दुसऱ्या दिवशी झाले.

चौथा विसर्जनाच्या दिवशी. दुपार होती, रस्त्यावर लेझमाचा आवाज चालू होता. तीन कप नीट बसले. शेवटचा कप दादानं दाबला, मला म्हणाला, "लॉक घाल, तोवर मी पलीकडचं चाक चढवतो." मी लॉक घातलं. आवाज आला नाही. कड्यावरून बोट फिरवलं तर एका बाजूला ते किंचित वर राहिलं होतं, नखभरसुद्धा नाही. मला कळलं. कप परत ठोकून काढायचा, सुया धुवायच्या, पुन्हा मांडायच्या, घंटाभराचं काम. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. कॉलेजचा गणपती लवकर उठला होता आणि अण्णा घरी आले होते. त्यांच्या चपलांचा आवाज पडवीत आला.

"बसलं का?" दादानं पलीकडून विचारलं.

"बसलं," मी म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दारानं आत पळाले. हात राखेनं धुतले. अण्णा खोलीत आले तेव्हा माझ्यापुढं पुस्तक होतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वर्षात दोनदाच फिरवला असेल, त्यातला हा एक. उद्या दादाला सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी त्यानं दांडा बसवून नट आवळून टाकले आणि गल्लीतून गाडीची एक फेरी मारली. काहीच आवाज आला नाही. दादाचा चेहरा इतका खुलला होता की मी उद्याचं परवावर ढकललं.

त्याच रात्री, पहाटे चारच्या सुमाराला काय झालं ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा आवाज, पत्र्यांचा थरकाप, लोणच्याच्या बरण्या खाली. अण्णांचा फळा भिंतीवरून निखळून बाकांवर पडला. आम्ही चौघं अंगणात येऊन उभे राहिलो. घराला एक तिरपी भेग गेली होती, बाकी काही नाही. पाच वाजता नेहमीप्रमाणे तीन पोरं वह्या घेऊन आली, तेव्हा अण्णांना हसावं की रडावं कळेना. "घरी जा रे," म्हणाले. उजाडल्यावर औशाकडून आलेल्या एका एसटीच्या ड्रायव्हरनं चौकात सांगितलं की पुढं गावंच राहिली नाहीत. किल्लारीचं नाव घेतलं. आजूबाजूच्या गावांची घेतली. मावशीचं गाव त्यात होतं.

आईनं पायात चपला घातल्या आणि मागच्या अंगणात गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "अवी, चल."

अण्णा म्हणाले, "ह्या गाडीनं? अगं, गाडी न्हाई ती, खेळणं हाय. मी कॉलेजची जीप बघतो, दहापर्यंत मिळंल."

"दहापर्यंत ती दगडाखाली जिती ऱ्हाईल का?" आई दार उघडून आत बसली. अण्णांपुढं इतका मोठा आवाज मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

दादानं वाकून चाकांचे नट बघितले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. अण्णा माझ्याशेजारी. तेव्हा तोंड उघडलं असतं तर गाडी घंटा-दोन घंटे निघाली नसती आणि अण्णांना सगळं कळलं असतं. काल फेरी मारली तेव्हा नीट चालली ना, असं मी मनाला सांगितलं. आईसाठीच गप्प बसतेय, असंही सांगितलं. वयाच्या सतराव्या वर्षी माणसाला स्वतःशी इतकं सफाईनं खोटं बोलता येतं, याचं मला अजून नवल वाटतं. गाडी गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काही आईकडून कळलं, काही फार नंतर. गाडी जाताना व्यवस्थित गेली. गावात घर ओळखू येत नव्हतं, माती-धोंड्यांचा एक ढीग, त्याच्यापुढं दुसरा. मावशीचं घर म्हशीच्या दाव्यावरून सापडलं. दादा, आई आणि गावातले दोघं हातांनी दगड उचलत होते. दुपारच्या सुमाराला मावशी जिवंत निघाली. शुद्धीत होती. दोन्ही पाय मांड्यांपासून भिंतीखाली होते, पण फारसं रक्त नव्हतं. काका सापडले नव्हते. गाडीत दोघांचीच जागा. आई म्हणाली, "तू हिला घेऊन नीघ. मी तुझ्या काकाला काढल्याशिवाय येत न्हाई." दादानं मावशीला शेजारच्या सीटवर ठेवलं, आईच्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरानं बांधलं आणि निघाला.

गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत कच्ची वाट होती. पाऊस सुरू झाला होता. काळ्या मातीचा राडा झाला, चाक एका खड्ड्यात जोरात आदळलं, आणि मागून आवाज आला. इंजिन चालू, पण गाडी पुढं जाईना. दादा खाली उतरून चिखलात झोपला आणि त्यानं बघितलं. उजव्या बाजूचा दांडा आतल्या टोकाला सुटून लोंबत होता.

त्यानं मावशीला पाठीवर घेऊन चालून बघितलं. ती एवढ्यानं ओरडली की वीस पावलांवरून त्याला परत यावं लागलं. त्या वाटेवर त्या दिवशी कुणी नव्हतं, जो तो आपापल्या ढिगाऱ्याशी होता. अडीच घंट्यांनी एक ट्रॅक्टर आला. तोवर मावशी गेली होती.

तेराव्याला आमच्या घरी माणसं जमली होती. काकाही मेलेलेच निघाले होते, त्यांचं आणि तिचं एकदमच केलं. पंगत उठल्यावर अण्णा सगळ्यांदेखत दादाशी बोलले, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच सरळ. "तुझ्या हौसेपायी गेली ती. साधा एक जॉइंट नीट बसवता आला न्हाई तुला."

दादा म्हणाला, "हो."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्याचं 'हो' ऐकलं आणि तांब्या घेऊन आत गेले. आई चुलीपाशी बसली होती. त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नाही. ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. आठ दिवसांनी दादा गेला. कॉलेज सोडलं होतंच. मुदखेडला एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला, एवढंच कळलं. गाडी त्या वाटेच्या कडेला बरेच दिवस पडून होती म्हणे. मग कुणी नेली ते आम्ही विचारलं नाही.

मार्चात मी परीक्षा दिली. पेपरात फोटो आला, अण्णा मला पेढा भरवतानाचा. त्यापुढच्या वर्षी क्लासला इतकी पोरं आली की अण्णांनी भेग पडलेली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली. मी नांदेडला मेडिकलला गेले. तिथं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कधीतरी वाचलं, की फार वेळ दाबला गेलेला पाय मोकळा झाला की मेलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि धडधाकट दिसणारं माणूस काही तासांत जातं. ते पान मी किती वेळा वाचलं असेल. मला त्यातून हवं होतं एकच वाक्य, की ती वाचलीच नसती. तसं वाक्य नव्हतं. माणसं वेळेवर पोचली तर काही वाचतात, काही वाचत नाहीत, असं होतं. पुढं डॉक्टर म्हणून तसे पेशंट मी स्वतः पाहिले. काही वाचले, काही नाही.

शेवटच्या वर्षाला असताना एका रविवारी मी मुदखेडला गेले. इतकी वर्षं नांदेडात राहून, अर्ध्या तासाच्या अंतरावर, मी त्याला चारदा भेटले असेन, तेही रक्षाबंधनाला. दादा ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले, चहा मागवला. मी चहा यायच्या आत सगळं बोलून टाकलं. आवाज आला नव्हता. मी बसलं म्हणाले. गाडी निघताना शेजारी उभी होते.

चहा आला. त्यानं एक घोट घेतला. मग मला घरच्या नावानं हाक मारून म्हणाला, "मला तिथंच कळलं, सुने. दांडा हातात घेतला तर चौथ्या कपाचं लॉक नव्हतं. कप बाजूला पडला होता, बुडाशी सुई आडवी. चेपून सपाट झाली होती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुझी बारावी होती."

मला रडूसुद्धा आलं नाही. तो पुढं म्हणाला, "आणि नट आवळायच्या आधी मी बोट फिरवून बघायला पाहिजे होतं. न्हाई बघितलं. अण्णा म्हणले ते काही खोटं न्हाई." मग ट्रॅक्टरवाला हाका मारायला लागला आणि तो परत खाली गेला. मी स्टुलावर बसून राहिले. दादाचे पाय तेवढे दिसत होते. चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला होता.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं लातूरला आले. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच सुटल्यावर अण्णांना आणि आईला समोर बसवून सांगितलं. पोरांच्या चपलांचा आवाज अजून फाटकाशी होता. अण्णांनी सगळं ऐकलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, खरं तर ओरडावं असं वाटत होतं. ते फळ्याकडं बघत म्हणाले, "ती विसर्जनापर्यंत राहणार होती. मी बॅच लावली." दुसऱ्या बॅचची पोरं आत यायला लागली तशी त्यांनी त्यांना हातानंच परत पाठवलं. अण्णांनी सुट्टी दिली असं त्या घरात मी पहिल्यांदा पाहिलं. दादाला ते त्यानंतर एकदा भेटले, तेही दवाखान्यात, स्वतःच्या तोंडात नळी असताना. त्यावर इथं लिहिण्यासारखं काही नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि पुढं फार वर्षं तिचं माझ्याशी बोलणं कामापुरतंच राहिलं. ते मला मिळायलाच हवं होतं. ती उठली, पातळ बदललं, डब्यात काही भरलं नाही की पिशवी घेतली नाही. म्हणाली, "मुदखेडला कुठली गाडी जाते?" आई लातूरबाहेर एकटी कधी गेलेली नव्हती. मी सोबत निघाले. बसमध्ये ती खिडकीशी आणि मी शेजारी, चार-साडेचार तासांत ती एकच वाक्य बोलली. "इतकी वर्षं मी त्याला विचारलं न्हाई, ती काय बोलली म्हणून."

दादानं आईला गॅरेजात बघितलं आणि पान्यासकट उभा राहिला. आईनं त्याचा हात धरून त्याला बाकड्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. "अडीच घंटे तू तिच्यापाशी होतास. सांग मला."

दादानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. तो हळूहळू सांगायला लागला. ती पाणी मागत होती. त्यानं शर्ट काढून पावसात धरला आणि तिच्या तोंडात पिळला. काका कुठायत विचारत होती, तो म्हणाला पुढं नेलंय लातूरला. तिला ते पटलं असावं. थंडी वाजतेय म्हणाली, तेव्हा त्यानं तिला कुशीत धरलं. मग ती लहानपणचं बोलायला लागली, कुठल्या तरी विहिरीचं, दोघींनी चोरून आणलेल्या कैऱ्यांचं, ते त्याला नीट कळलं नाही. "शेवटी शेवटी तिला मी ओळखू येत न्हवतो. मला शांता म्हणायला लागली. शांते, हात सोडू नको म्हणाली. मी न्हाई सोडला."

गॅरेजात कुणीतरी लेथ चालू केली आणि बंद केली. आईनं पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत. दादाचा काळा हात तिनं आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मग म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."